‘मानवी चूक’ लिहिलं की फाईल बंद

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. आपल्या विमानतळाचं टर्मिनल कधी होणार, मुंबईचं विमान कधी सुटणार आणि तिकीट किती असणार, हे ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढे सरकायला हरकत नाही. त्यावर इथे भांडून झालंय. मी त्याच विमानतळाबद्दल बोलणार आहे, पण तिथून आज, आत्ता जे उडतात त्यांच्याबद्दल.

मिरजोळ्याच्या सड्यावरची ती धावपट्टी आपण ‘आपला विमानतळ’ म्हणतो. प्रत्यक्षात तिथे तटरक्षक दल आहे. नौका भरकटली, खलाशी बेपत्ता झाला, कुठल्या जहाजावर कुणी आजारी पडलं की मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागतात. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की पोरं अजून हात हलवतात. आत बसलेल्या माणसाची पाठ दुखतेय का, तो रात्री किती झोपला, हा विचार मीसुद्धा कधी केला नव्हता. मी तर पत्रकार आहे, विचारणं हा माझा धंदा.

आता कबुली. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत हवाई दलाचे ३४ अपघात झाले आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अपघातांपुढे कारण लिहिलं होतं मानवी चूक, म्हणजे विमानात बसलेल्यांची चूक. त्यात जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टरही होतं. बातमी एजन्सीकडून आली, डेस्कवर मी होतो. मथळा मी दिला: ‘मानवी चुकीमुळेच रावत यांचा अपघात’. त्यातला ‘च’ माझा. मूळ बातमीत नव्हता. जागा भरत नव्हती म्हणून टाकला.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त काकांचा फोन आला. नौदलात हेलिकॉप्टरच्या देखभालीला होते, आता संगमेश्वर तालुक्यात आंबा-काजू बघतात. म्हणाले, “तू जानेवारी २०२२ चं निवेदन वाचलंस काय?” नव्हतं वाचलं. “मग वाच आणि मग ‘च’ टाक,” म्हणाले आणि फोन ठेवला.

वाचलं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ तो अपघात झाला, चौदा माणसं गेली. तिन्ही दलांच्या चौकशीचा निष्कर्ष हवाई दलानं पुढच्याच महिन्यात जाहीर केला होता. यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान हरपलं आणि चालू स्थितीतलं हेलिकॉप्टर डोंगरावर गेलं. म्हणजे काय घडलं ते चार ओळींत नीट सांगितलेलं. तीन वर्षांनी तेच सगळं एका तक्त्याच्या एका रकान्यात दोन शब्दांत बसवलं गेलं. आणि आम्ही पत्रकारांनी चार ओळी सोडून ते दोन शब्द उचलले. ‘निष्काळजीपणा नाही’ हे वाक्य कुणाच्याच मथळ्यात आलं नाही. ते छापून वाचक थांबत नाही ना!

दिशाभान हरपणं म्हणजे वैमानिक गोंधळला, घाबरला, कच्चा होता, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. रत्नागिरी स्टेशनात आपली गाडी क्रॉसिंगला उभी असते, शेजारची हलते आणि क्षणभर आपणच चाललोय असं वाटतं. अनुभव आहे ना? डोळ्यांनी फलाट बघितला की भ्रम जातो. ढगात फलाट नसतो. कानाच्या आत ज्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात त्या वळण सुरू झालं की सांगतात, पण तेच वळण एका गतीनं थोडा वेळ चालू राहिलं की गप्प होतात. शरीर सांगतं, सरळ चाललोय. विमान मात्र कललेलं असतं. मग वैमानिक सरळ करायला गेला की शरीर ओरडतं, अरे उलट्या बाजूला पडतोयस! अशा वेळी स्वतःच्या शरीरावर अविश्वास दाखवून समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा असतो. आपल्याकडचा जुना तांडेल धुक्यात मन काही सांगो, होकायंत्रच बघतो, तसं. फरक एवढाच की तांडेलाला विचार करायला दहा मिनिटं मिळतात, डोंगरात खालून उडणाऱ्याला काही सेकंद. निरोगी, निष्णात, हजारो तास उडालेल्या माणसालाही हे होतं. कारण कान सगळ्यांचे सारखेच.

आणि हे निरोगी माणसाचं. तोच माणूस सर्दी घेऊन बसला असेल, तीन रात्री नीट झोपला नसेल, घरी कुणी दवाखान्यात असेल, तर?

काकांना मी नंतर भेटायला गेलो. (कोकम सरबत आणि वर दोन शिव्या, असा पाहुणचार झाला.) ते म्हणाले, “सर्दी झालेला वैमानिक आम्ही चालण्यावरून ओळखायचो. डॉक्टरला तो ओळखू द्यायचा नाही.” का? कारण डॉक्टरनं ‘उडू नको’ म्हटलं की उडणं बंद. चार दिवस बंद झालं तर ठीक आहे. पण पाठीचा मणका, रक्तदाब, साखर, झोप, मन यांतलं काही निघालं तर वैद्यकीय श्रेणी खाली येते. श्रेणी खाली आली की पुढची बढती, भत्ता आणि मुख्य म्हणजे ज्यासाठी विसाव्या वर्षापासून जीव काढला ते उडणंच जाण्याची भीती. हेलिकॉप्टरवाल्यांची कंबर तर कायमची धरलेली असते. सतत थरथर, त्यात दोन्ही हात दोन वेगळ्या दांड्यांवर, पाय पेडलवर आणि धड पुढे वाकलेलं. वर्षानुवर्षं असं बसायचं. काका म्हणाले, “गोळ्या खिशात असायच्या. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.”

लढाऊ विमानाचं वेगळंच. जोरात वळवलं की शरीराचं वजन कित्येक पटींनी वाढतं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरा. सातपट झालं की मानेवर चाळीस-पन्नास किलो, म्हणजे तांदळाचं एक पोतं. ते पोतं मानेवर घेऊन मागे वळून बघायचं. रक्त पायांकडे ओढलं जातं, आधी रंग जातात, मग बाजूचं दिसेनासं होतं, मग काळोख आणि मग शुद्ध हरपते. त्यासाठी पाय आवळणारा पोशाख असतो, पोट आणि मांड्या घट्ट करून श्वास धरण्याचं तंत्र असतं, बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत मोठं फिरतं यंत्र आहे, त्यात बसवून हे शिकवतात. ही संस्था १९५७ पासून आहे, तिथले डॉक्टर हाच विषय कोळून प्यालेत. विज्ञान आपल्याकडे नाही, अशी माझी तक्रारच नाही. तक्रार ही आहे की रुग्ण डॉक्टरपुढे खरं बोलायला घाबरतो, आणि ती भीती आपण बनवलेल्या नियमांतून आलीय.

हे मी कशावरून म्हणतो? लष्करी अपघातांचे चौकशी अहवाल आपल्याला वाचायला मिळत नाहीत. पण एक अहवाल मिळतो, कारण ते विमान नागरी होतं. वैमानिक मात्र हवाई दलाचा, आपला मराठी माणूस. विंग कमांडर दीपक वसंत साठे. हवाई दलात मानाची तलवार मिळवलेले, नंतर चाचणी वैमानिक, निवृत्तीनंतर एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं त्यांचं विमान कोळिकोडला पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. एकवीस जणांचा जीव गेला, त्यात साठे आणि त्यांचे सहवैमानिकही.

पहिल्या दोन दिवसांत आपण त्यांना हुतात्मा केलं, फॉरवर्डचा पाऊस पाडला. वर्षभरानं अहवाल आला तेव्हा कुणी वाचला नाही. त्यात वैमानिकाच्या चुका लपवलेल्या नाहीत. पाठीमागून वारा असताना विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं, सहवैमानिकानं पुन्हा वर जाऊया म्हटलं तरी उतरणं चालू राहिलं, हे स्पष्ट लिहिलंय. पण अहवाल तिथे थांबत नाही. पुढे विचारतो, एवढा अनुभवी माणूस असं का वागला असेल? त्यांना मधुमेह होता, आणि डॉक्टरांनी लिहून न दिलेली मधुमेहाची औषधं ते घेत होते असं अहवाल म्हणतो. साखर किंचित उतरून विचारशक्तीवर बारीकसा, बाहेरून न दिसणारा परिणाम झाला असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. समोरची काच पुसणारा वायपर नीट चालला नाही, तेही आहे. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: कोळिकोडच्या तळावर कंपनीचे कॅप्टन पुरेसे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान त्यांनाच न्यायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर सकाळची फेरी अडचणीत आली असती. ही माणसं नेमण्यातली चूक आहे, असं अहवालात आहे.

आता सांगा, यातली ‘मानवी चूक’ कुठली? गोळ्या लपवणारा माणूस चुकला. मान्य. पण उघड केलं तर खुर्ची जाईल असं त्याला वाटत असेल, तर ते वाटणं कुणी तयार केलं? तळावर माणसं कमी ठेवणारा अधिकारी माणूस नव्हता का? तो मात्र कधीच ‘मानवी चूक’ या रकान्यात येत नाही. तो जमिनीवर असतो ना.

साठे यांचं आपण निदान वाचू तरी शकतो. पुण्याच्या गाडगीळ कुटुंबाला तेवढंही सहज मिळालं नाही. १७ सप्टेंबर २००१ ला सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. दोष वैमानिकाच्या दिशाभ्रमावर ठेवला गेला. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना दिशाभ्रम म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आई कविता गाडगीळ यांनी तर तो निष्कर्ष मुकाट्यानं गिळायचं साफ नाकारलं. वर्षानुवर्षं त्या पत्रं लिहीत राहिल्या, बोलत राहिल्या, आणि दोघांनी पुण्यात नवशिक्या वैमानिकांच्या सरावासाठी सिम्युलेटर उभे केले. मुलगा गेल्यावर.

त्यांचं म्हणणं खोटं होतं का? १९८२ साली एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीनं सांगितलं होतं की साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर पोरांना बसवू नका, मधली पायरी म्हणून आधुनिक जेट प्रशिक्षक विमान घ्या. मिग-२१ उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतं, चूक सुधारायला वेळच देत नाही. आणि ती मधली पायरी, हॉक विमान, हवाई दलात कधी आली? करार २००४, दाखल २००८. सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत फायली कुणाच्या टेबलावर होत्या, सरकारं किती बदलली (सगळ्या पक्षांची, उगाच कमेंटमध्ये एकमेकांवर ढकलू नका), त्यातल्या एकाही सहीपुढे कुणी ‘मानवी चूक’ लिहिलं नाही. आणि पंचविशीतल्या पोराच्या नावापुढे मात्र लगेच लिहून मोकळे!

मला माहितीये, खाली आता कमेंट येणार. “सैन्यावर शंका घेता?” “सीमेवर जाऊन बघा.” “गोपनीयता नावाची काही गोष्ट असते.” येऊ द्या. गोपनीयता असते, आणि ती असलीच पाहिजे. विमान कुठून कुठे चाललं होतं, त्यावर काय बसवलं होतं, हे मला नकोय. पण सरावाच्या उड्डाणात पडलेल्या विमानाचा वैमानिक त्या आठवड्यात किती तास झोपला होता, हे कळल्यानं कुठल्या शत्रूचा फायदा होणार आहे? झाकून फायदा होतो तो फक्त ज्यांनी त्याला झोपू दिलं नाही त्यांचा.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेचं एफ-२२ घ्या. नोव्हेंबर २०१० मध्ये अलास्कात एक वैमानिक गेला. विमानाची प्राणवायू देणारी यंत्रणा बंद पडली होती, तरी त्यांच्या हवाई दलानं ठपका ठेवला त्याच्यावरच. इतर वैमानिकांना उडताना घेरी येत होती, खोकला येत होता, पण बोलणार कोण? शेवटी २०१२ मध्ये दोन वैमानिक गणवेशात टीव्हीवर जाऊन म्हणाले, आम्ही हे विमान उडवणार नाही. चौकशीत निघालं की छातीवरची दाबाची बंडी झडपेतल्या दोषामुळे चुकीच्या वेळी फुगत होती आणि श्वास अडकत होता. २०१३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकानं सांगितलं की मेलेल्या वैमानिकावर ठेवलेल्या ठपक्याला पुराव्यांचा पुरेसा आधार नाही. म्हणजे तिथेही आधी माणसावरच बोट. पण तिथे एक अधिकारी असा होता जो आपल्याच खात्याला लेखी चूक सांगू शकला, आणि तो कागद आज रत्नागिरीत बसून मला मोबाईलवर वाचता येतो.

आता आपल्या दारात या. १० मार्च २०१८. तटरक्षक दलाचं चेतक हेलिकॉप्टर मुरुडजवळ नांदगावच्या किनाऱ्यावर कोसळलं. सहवैमानिक पेनी चौधरी बाहेर पडताना फिरत्या पात्याचा मार डोक्याला बसला. सतरा दिवसांनी मुंबईत नौदलाच्या रुग्णालयात त्या गेल्या. चेतकचं मूळ फ्रेंच आराखड्याचं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडालं १९५९ मध्ये. एकच इंजिन. आपल्या किनाऱ्यावर, आपल्यासाठी गस्त घालताना एक तरुण मुलगी गेली आणि आमच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर दोन कॉलम होती. पुढे चौकशीचं काय झालं म्हणून मी एक फोनसुद्धा केला नाही. त्या आठवड्यात आंब्याच्या पहिल्या पेटीचा भाव चालू होता.

मग पोरबंदर. सप्टेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर रात्री समुद्रात पडलं, एका जहाजावरच्या जखमी माणसाला आणायला गेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथेच दुसरं पडलं, तिघं गेले. त्यानंतर देशभरातली ध्रुव जमिनीवर आणली, तटरक्षक दलाची तर कित्येक महिने. बरोबरच केलं. पण यालाही दुसरी बाजू आहे, ती कुणी बोलत नाही. वैमानिकाचा हात रोजच्या सरावावर चालतो. इतके महिने न उडलेला माणूस एका संध्याकाळी, पावसात, बुडत्या नौकेवर दोरी सोडायला पाठवला तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? आणि काही झालं, तर रकाना तयारच आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आपण काय लिहीत होतो ते आठवा. “हेलिकॉप्टर का येत नाही?” मीही लिहिलं होतं. खेर्डीत लोक छपरावर होते, राग बरोबरच होता. पण त्या दिवशी आभाळ डोंगराला टेकलेलं होतं. वर परशुरामचा घाट, खाली वाशिष्ठी, मध्ये ढग. कुन्नूरला जे झालं ते तिथे घडायला सगळं तयार होतं. ते आपल्याला तेव्हा दिसलं नाही, कारण आपण छपरावरून वर बघत होतो, वरून खाली कुणी बघत नव्हतं.

मी काय मागतोय? फार नाही. आजारी आहे, थकलोय, झोप झाली नाही, असं वैमानिकानं आपणहून सांगितलं तर त्या एका कारणानं त्याचं करिअर संपणार नाही, याची लेखी हमी. सांगणाऱ्याचा कागद शिक्षा देणाऱ्याच्या टेबलावर जाऊ नये. नागरी विमानांसाठी अमेरिकेत १९७६ पासून असं चालतं, कागद नासाकडे जातो, विमान खात्याकडे नाही. दुसरं, युद्ध आणि गुप्त मोहिमा सोडून बाकी अपघातांच्या चौकशीचा सारांश लोकांसमोर. चार ओळी चालतील, कुन्नूरच्या होत्या तशा. आणि तिसरं, त्या तक्त्यात ‘मानवी चूक’ लिहिलं की पुढे आणखी एक रकाना: का?

हे मागणं दिल्लीचं आहे, रत्नागिरीत बसून काय होणार, असं काका म्हणाले. तरी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय, तटरक्षक दलाच्या मुख्यालयाला. गेल्या दहा वर्षांत तुमची किती विमानं आणि हेलिकॉप्टरं अपघातात सापडली, त्यांतल्या किती अपघातांचं कारण मानवी चूक ठरलं, आणि त्या प्रत्येकात वैमानिकाच्या आधीच्या ७२ तासांच्या झोपेची आणि ड्यूटीची नोंद चौकशीत तपासली गेली होती का, एवढंच विचारलंय. नावं नकोत, ठिकाणं नकोत, असंही वर लिहिलंय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. अर्ज काकांनी वाचला, एक तांत्रिक शब्द खोडून दुरुस्त केला आणि म्हणाले, “आता ‘च’ कुठे टाकू नकोस.”

सोमवारी पोस्टानं जातोय. कायद्यानं तीस दिवस आहेत. जे उत्तर येईल ते, नकार आला तर नकार, इथेच जसंच्या तसं टाकीन.